नांदरुकाच्या पोटातला कोरडा गोळा

काकांचा फोन आला तेव्हा झाडावर ४१ पानं उरली होती. त्यांनी ती मोजली होती, आणि आदल्या दिवशी ५८ होती हेही वहीत टिपून ठेवलं होतं. "अगं, रोज गळतायत. पाणी घालतोय, खत घातलं, जागाही बदलून पाहिली. आता तूच सांग काय करू."

काकांचं हे पहिलंच बोन्साय. जात नांदरुक, म्हणजे फायकस मायक्रोकार्पा. विकताना चिठ्ठीवर बहुतेक वेळा 'फायकस रेटुसा' असं नाव असतं, पण झाड हेच. वड, पिंपळ, उंबर यांचं भावंड: तोच पांढरा चीक, तशाच पारंब्या. उंची ३२ सेंमी, बुंधा ३ सेंमी जाड, खोड लहानपणीच नागमोडी वळवलेलं. कुंडी निळी, चकचकीत, जेमतेम ५ सेंमी खोल. वर मातीच दिसत नव्हती, सगळीकडे पांढरे खडे गोंदाने चिकटवलेले होते. नवशिक्याच्या हाती येणारं उष्ण प्रदेशातलं बोन्साय पुष्कळदा असंच असतं, आणि त्याचं पुढे जे होतं तेही बरंचसं असंच. म्हणून हे प्रकरण सगळ्या तपशिलांसह लिहून ठेवते आहे. यात निदान करताना माझी एक चूक झाली. ती लपवणार नाही, कारण खरं कारण तिच्यामुळेच हाती लागलं.

काकांची वही

झाड घरी आल्या दिवसापासून काकांनी नोंदी ठेवल्या होत्या आणि त्यांचा फार उपयोग झाला. पहिले पाच दिवस झाड फळीवर, खिडकीपासून अडीच मीटर आत. पाचव्या दिवशी पाच-सहा पानं गळाली म्हणून ते टेबलावर आलं. नवव्या दिवशी "प्रकाश कमी पडतोय" म्हणून थेट गॅलरीत, दुपारच्या उन्हात. संध्याकाळपर्यंत पानांवर तपकिरी चट्टे उठले, म्हणून पुन्हा घरात. बाराव्या दिवशी चमचाभर दाणेदार खत. चौदाव्या दिवशी लांब वाटणारे शेंडे छाटले. रोज सकाळी एक कप पाणी, न चुकता. एकोणिसाव्या दिवशी मला फोन.

यातली एकेक गोष्ट वेगळी घेतली तर काकांचं काही फारसं चुकलं नव्हतं. कमी प्रकाशातून उजेडात नेणं बरोबर, खत बरोबर, छाटणीही बरोबर. पण फायकस आपली पानं त्या-त्या जागेच्या उजेडाच्या मापाने घडवतो. भर उन्हात वाढलेलं पान जाड आणि लहान असतं, सावलीतलं पातळ आणि मोठं. बाहेर भर दुपारी साधारण १ लाख लक्स उजेड असतो. खिडकीपासून दोन-अडीच मीटर आत तो काही शे लक्सवर येतो. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, झाडाला मात्र चांगलाच जाणवतो. उन्हातलं पान सावलीत स्वतःचा खर्चही भागवू शकत नाही, मग झाड देठाच्या बुडाशी एक पातळ थर तयार करून ते टाकून देतं. नव्या उजेडाला साजेशी पानं फुटायला काही आठवडे लागतात. त्या काही आठवड्यांतच झाडाची जागा तीनदा बदलली, म्हणजे दरवेळी नव्याने मोजमाप. सावलीत निभावलेली पानं एकदम उन्हात नेली की भाजतात, तेही झालंच.

एवढं फोनवरच समजलं होतं. संध्याकाळी झाड बघायला गेले.

माझी चूक

प्रथम पाहिलं ते झाड जिवंत आहे का. फांदीच्या सालीवर नखाने अगदी हलकं खरवडायचं: खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत, तपकिरी आणि कोरडं दिसलं तर मेलेली. नांदरुकाला आणखी एक सोपी खूण असते. शेंड्याचं टोक खुडलं की जिवंत फांदीतून पांढरा थेंब लगेच बाहेर येतो. बारा फांद्यांपैकी नऊ जणींनी थेंब दिला. काकांचा चेहरा जरा सैल झाला.

मग कुंडीकडे वळले. खाली ताटलीत पाणी साचलेलं, निचऱ्याच्या भोकाशी बोट लावलं तर चिखल, आणि कुजका वास. गळालेली पानं पिवळी, मऊ. मी ठामपणे सांगितलं, "काका, पाणी जास्त होतंय. ताटली काढून टाका, आणि आता वरची माती सुकेपर्यंत थेंबही घालू नका." पिवळी मऊ पानं आणि कुजका वास असेल तर दहापैकी नऊ वेळा कारण हेच निघतं. मी तिथेच थांबले, दहाव्या शक्यतेकडे पाहिलंच नाही.

आठवड्याने काकांनी कळवलं, १७ पानं उरलीत. पण या वेळी ते आणखी काहीतरी म्हणाले आणि त्याने मी जागी झाले. "आता गळणारी पानं हिरवीच आहेत गं. हातात घेतली की कुरकुरीत लागतात."

बुडणाऱ्या मुळांची पानं पिवळी पडून, मऊ होऊन गळतात. तहानलेल्या झाडाची पानं हिरवीच राहतात, कडेने आत वळतात, वाळून कुरकुरीत होतात. एकाच झाडावर आठवड्याच्या अंतराने दोन्ही? सात दिवस पाणी न मिळाल्याने एवढं होत नाही, तेही खालची माती ओली असताना.

या वेळी जाताना सोबत एक लाकडी काडी नेली. ओलावा बघायला याहून चांगलं साधन मला तरी माहीत नाही. काडी मातीत खोचायची, दहा मिनिटं ठेवायची, बाहेर काढून गालाला लावायची. गार लागली तर ओल आहे. कुंडीच्या कडेला काडी सहज गेली आणि ओली बाहेर आली. मग गोंदाचे खडे चिमट्याने उचकटले आणि बुंध्याजवळ खोचून पाहिली. काडी आत जाईना. जोर लावला तर टोकच मोडलं.

आतला गोळा

झाड कुंडीतून काढलं. बाहेरचा थर नारळाच्या भुशाचा, काळा, चिकट, पिळला तर पाणी गळेल असा. त्यात तपकिरी मुळं. बोटांत धरून ओढली की साल हातात यायची आणि आतला दोरा तेवढा उरायचा. ही कुजलेली मुळं. हा भुसा बोटांनी काढत गेले तेव्हा बुंध्याच्या बरोबर खाली लिंबापेक्षा थोडा मोठा गोळा लागला. चिकणमातीचा, राखाडी, विटेसारखा कडक. वर थोडं पाणी टाकलं तर थेंब घरंगळून कडेला गेले, आत एकही मुरला नाही. आणि झाडाची सगळी जुनी, जाड, जिवंत मुळं याच गोळ्यात अडकलेली होती.

उलगडा असा. झाड आधी चिकणमातीत वाढवलेलं. नंतर कुंडीत बसवताना मातीचा गोळा तसाच ठेवून भोवती भुसा भरलेला. चिकणमाती एकदा ठार वाळली की सहजी पाणी धरत नाही. वरून चिकटवलेल्या खड्यांमुळे पाणी एका जागी थांबून मुरायला वेळच मिळत नव्हता. काकांचा रोजचा कप खड्यांवरून कडेला, कडेवरून भुशात, भुशातून ताटलीत जायचा. भुशातली नवी कोवळी मुळं त्यात बुडून कुजली आणि आतली जुनी मुळं कोरडीच राहिली. झाड एकाच वेळी बुडतही होतं आणि तहानेने वाळतही होतं. मी पाणी बंद करायला लावलं तेव्हा गोळ्याला भुशाकडून जी थोडीफार ओल मिळत होती तीही गेली.

काका खूप वेळ तो गोळा हातात घेऊन बसले होते. "म्हणजे मी रोज पाणी घातलं आणि हा रोज उपाशीच?"

झाड आजारी असताना कुंडीबदल

आजारी झाडाच्या मुळांना हात लावू नये हा नियम मी सगळ्यांना सांगते, आणि तो बरोबर आहे. पण इथे आजार मुळांतच होता. झाड होतं तसं ठेवलं असतं तर वाट पाहण्यात काही अर्थच नव्हता. काकांना वेगळीच शंका होती. "मी तर वाचलंय की कुंडी हिवाळा संपताना बदलायची, डोळे फुगायला लागले की." हा सल्ला हिवाळ्यात झोपणाऱ्या, पानं झडणाऱ्या थंड प्रदेशातल्या झाडांचा आहे. बोन्सायवरचं बरंचसं लेखन अशाच झाडांभोवती फिरतं आणि नवशिके तेच नांदरुकाला लावतात. उष्ण प्रदेशातलं झाड असं झोपत नाही. त्याच्या मुळांवरचं काम ऐन उबदार दिवसांत करायचं, रात्रीचं तापमान १८ अंशांच्या वर असताना, म्हणजे तुटलेल्या मुळांना लगेच नवी मुळं फुटतात. त्या दिवसांत रात्री उबदारच होत्या.

गोळा आधी बादलीत तासभर बुडवून ठेवला. बुडबुडे यायचे थांबले तेव्हा तो कडेने मऊ झाला होता. काडीने बाहेरून आत, हळूहळू, माती सुटी केली. पूर्ण गोळा काढला नाही, साधारण निम्मा काढला; उरलेल्यात काडीने चार-पाच खोल भोकं पाडून ठेवली, म्हणजे पाणी आत शिरेल. कुजलेली मुळं सगळी कापली. पांढऱ्या टोकाचं, कडक, जिवंत मूळ एकही कापलं नाही. काकांना मुळांचा तो गुंता विंचरून नीटनेटका करायचा होता. मी हात धरला.

मग कुंडी. काकांची समजूत होती की उथळ कुंडीत पाणी कमी राहतं, म्हणून झाड सुरक्षित. खरं तर उलट आहे, आणि ते दाखवायला मी भांडी घासायचा स्पंज मागितला. पाण्याने गच्च भरलेला स्पंज हातावर आडवा धरला. थोडं पाणी टपकलं आणि थांबलं. मग तोच स्पंज, न पिळता, उभा केला. लगेच पाण्याची धार लागली. मातीचंही तसंच. कुंडीच्या तळाशी एक थर असा राहतोच की ज्यातलं पाणी आपोआप खाली उतरत नाही. त्या थराची जाडी मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. माती बारीक असेल तर ५ सेंमी खोल कुंडीत जवळपास सगळी मातीच या थरात येते. १५ सेंमी कुंडीत वरचा बराच भाग मोकळा राहतो. उथळ कुंडी हवी तर माती भरडच हवी.

आम्ही १५ सेंमी खोल, साधी, मोठ्या भोकांची कुंडी घेतली. मिश्रण: प्युमिसचे (ज्वालामुखीतल्या हलक्या, सच्छिद्र दगडाचे) दाणे दोन भाग, विटांचे चाळलेले तुकडे दोन भाग, कंपोस्ट एक भाग. दाणे ३ ते ६ मिमीचे. चाळणीतून खाली पडलेली बारीक पूड टाकून दिली. काकांना हे वाया घालवणं वाटलं, पण दाण्यांमधल्या ज्या पोकळ्यांतून हवा जाते त्या हीच पूड बुजवते. झाड हलू नये म्हणून भोकांतून तार काढून मुळांवरून बांधलं. हलणाऱ्या झाडाची नवी मुळं फुटताच तुटतात.

शेवटी झाडावर पारदर्शक पिशवी सैलसर घातली, वर दोन छोटी भोकं पाडली, आणि ते उजेडात पण थेट ऊन येणार नाही अशा जागी ठेवलं. मुळं कमी असताना पानांतून पाणी कमी उडावं एवढाच पिशवीचा हेतू. खत नाही. छाटणी नाही. "आणि काका, जागा हलवायची नाही. अजिबात."

वाट पाहणं

पहिले दोन आठवडे काकांसाठी फार कठीण गेले. आणखी आठ पानं गळाली. मी रोज एकच सांगत होते: काडी खोचा, गार लागली तर पाणी नाही, जेमतेम ओलसर लागली तर खालून निथळेपर्यंत भरपूर घाला. कपाचं माप विसरा, वेळापत्रकही विसरा.

चोविसाव्या दिवशी काकांनी फोटो पाठवला. फांदीच्या टोकाशी भाल्यासारखं, गुंडाळलेलं, फिकट हिरवं टोक. आणि त्याहून महत्त्वाचं असं काहीतरी, जे त्यांच्या नजरेला आलं नव्हतं: जुन्या, उघड्या लाकडावर, जिथे पान नव्हतंच, तिथे मोहरीएवढा ठिपका. नांदरुक जुन्या लाकडातूनही फुटतो. त्याची नंतरची सगळी घडण या एका गुणावर उभी राहिली. (फायकस बेंजामिनाला असं गृहीत धरू नका. त्याची फांदी सगळी पानं काढून कापली तर बहुतेकदा मागे वाळतच जाते, एखादं तरी हिरवं पान राखावं लागतं.)

पिशवी हळूहळू उघडत नेली, आधी मोठी भोकं, मग दिवसातून काही तास, मग कायमची. सातव्या आठवड्यात झाड बाहेर, सकाळचं तासभर ऊन. दर चार-पाच दिवसांनी अर्धा तास वाढवत. या वेळी एकही पान भाजलं नाही. नवी पानं आधीच्यांच्या निम्मी आणि जाड आली. पानं लहान करायला छाटणीच लागते असं लोक समजतात, पण पहिला फरक तर उजेडानेच पडतो.

चौथ्या महिन्यात झाड मोकाट सुटलं होतं. फांद्या ३०-४० सेंमी लांब, आकार काहीच नाही, एखाद्या केस न विंचरलेल्या पोरासारखं. काकांच्या हातात कातर आली. इथे आमचा खरा वाद झाला.

"अगं, हे बोन्साय आहे का झुडूप?"

"काका, सध्या ते बरं होणारं झाड आहे. प्रत्येक कापात साठवलेली ताकद खर्च होते, आणि ती पानंच भरून काढतात. जमा व्हायच्या आत खर्च करू नका."

माझा स्वतःचा ठोकताळा असा: एका मोठ्या कामानंतर नवी पानं फुटून, गडद होऊन, कडक झाल्याशिवाय दुसरं मोठं काम नाही. उबदार हंगामात याला सहा ते आठ आठवडे लागतात. कुंडीबदल, जबर छाटणी, सगळी पानं खुडणं, ही तीन कामं एकत्र कधीच नाहीत. काकांनी पहिल्या चौदा दिवसांत जागाबदल, खत आणि छाटणी एकावर एक केली होती, तेव्हा झाडाच्या गाठीशी काहीच नव्हतं. हे त्यांना पटलं तेव्हा कातर खाली ठेवली गेली.

मधल्या काळात फांद्यांवर तपकिरी, टणक ठिपके दिसले आणि खोडावरून मुंग्यांची रांग. खवले कीड. ती गोड चिकट पाणी सोडते, मुंग्या त्यासाठी येतात, पुढे त्यावर काळी बुरशी धरते. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने एकेक पुसून काढली, मग आठवड्याच्या अंतराने तीन वेळा निंबोळी तेलाची फवारणी, संध्याकाळी. संपलं.

घडण

आठव्या महिन्यात झाड खरोखर दणकट झालं तेव्हा आम्ही ते टेबलावर फिरवून फिरवून पाहिलं. दोष उघड होता. नागमोडी खोड खालपासून वरपर्यंत एकाच जाडीचं. जुनं झाड जुनं वाटतं ते वर निमुळतं होत जातं म्हणून. हे तर वाकवलेल्या नळीसारखं दिसत होतं. शिवाय दुसऱ्या वळणावर एकाच जागेतून तीन फांद्या निघालेल्या, आणि तिथे खोड फुगायला लागलं होतं. एका जागी अनेक फांद्या पोसल्या गेल्या की गाठ येते, आणि वरचा भाग खालच्यापेक्षा जाड होतो.

उपाय एकच होता आणि तो सांगताना मलाही जड गेलं: खोड १८ सेंमीवर, दुसऱ्या वळणाच्या खालीच कापायचं आणि तिथली बोटाएवढी बाजूची फांदी नवा शेंडा करायची. जाड खोडातून बारीक शेंडा, म्हणजे निमुळतेपण लगेच दिसतं. काका पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "कापतो मीच."

तिरका काप, नव्या शेंड्याच्या बाजूने वर चढणारा. चीक भळाभळा वाहिला. त्यावर पाण्याचा फवारा मारत राहिलं की थोड्या वेळात तो गोठतो आणि थांबतो. हातमोजे घाला, काहींच्या त्वचेला चिकाने खाज सुटते. डोळ्याला तर लावूच नका. तीन आठवड्यांत कापाभोवती अकरा फुटवे आले. काकांना सगळे ठेवायचे होते. दोन ठेवले, वेगवेगळ्या दिशांचे, बाकी नखाने खुडले, नाहीतर काढलेली गाठ पुन्हा तिथेच आली असती.

तार लावताना काकांनी सगळं बिनचूक केलं. फांदी ६ मिमी, म्हणून ॲल्युमिनियमची तार २ मिमी, साधारण एकतृतीयांश. एकच तार दोन फांद्यांना, मधे खोडाला एक वेढा, म्हणजे दोन्ही एकमेकींना आधार देतात. वेढे ४५ अंशांत. आधी पूर्ण गुंडाळायची, मगच वाकवायची, आणि वाकवताना बोटं बाकाच्या बाहेरच्या बाजूला तारेवर दाबून ठेवायची. मग पावसाळी, दमट दिवस आले, झाडाने उसळी घेतली आणि आम्ही दोघंही पाच आठवडे तारेकडे पाहायचं विसरलो. पाहिलं तेव्हा तार सालीत अर्धी बुडाली होती. फांदीवर स्क्रूसारखे आटे पडले होते. नांदरुक वाढीत असला की दर आठवड्याला तारेखाली नजर टाकावी लागते, हे मी काकांना सांगायला हवं होतं. तार उलगडली नाही, प्रत्येक वेढ्यावर कापून तुकडे उचलले; उलगडताना साल सोलली जाते आणि फांदी मोडते. ते वळ दीड वर्षानंतरही हाताला लागतात.

त्यानंतर बारीक फांद्यांसाठी आम्ही तार सोडूनच दिली. नांदरुकाची पानं एकाआड एक, आलटून पालटून येतात आणि प्रत्येक देठाच्या बगलेत एक डोळा असतो. फांदी सहा-आठ पानांची होऊ द्यायची, मग दोन पानांवर कापायची. शेवटचं राहिलेलं पान ज्या बाजूला असेल त्या बाजूला नवी फांदी निघते. शेंड्याकडून खाली येणारं ऑक्सिन, म्हणजे झाडाचं वाढीचं संप्रेरक, खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते जागे होतात. म्हणजे फांदी वळवायची नाही, ती कुठे वळेल ते पान निवडून ठरवायचं. हे काकांना इतकं आवडलं की ते कापण्याआधी प्रत्येक पानाकडे बोट दाखवून विचारायचे, "हे का ते?" यातून येणारी फांदी तारेने वाकवलेल्या फांदीपेक्षा कोनेदार, म्हाताऱ्या झाडासारखी दिसते. नवशिक्याने तारेच्या आधी हेच शिकावं असं माझं आता ठाम मत झालं आहे.

त्या दमट दिवसांतच बुंध्याच्या डाव्या अंगाला एक पारंबी उतरायला लागली. फिकट गुलाबी टोक, दोन सेंमी लांब. मोकळ्या हवेत ती बहुतेकदा वाळून जाते. काकांनी सरबताची नळी उभी चिरली, आत ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरलं, पारंबी त्यात अलगद बसवली आणि नळीचं खालचं टोक मातीत रोवलं. रोज ड्रॉपरने नळीत थोडं पाणी. दोन महिन्यांनी नळी काढली तेव्हा आत दोऱ्याएवढं सरळ मूळ मातीत रुजलेलं होतं. मातीला टेकलेली पारंबी मग भराभर जाड होते. आता ती पेन्सिलीएवढी आहे. काका त्या एका पारंबीकडे जितका वेळ बघतात तितका वेळ उरलेल्या झाडाकडे बघत नाहीत.

दुसऱ्या वर्षाच्या उबदार दिवसांत ते झाड उथळ कुंडीत गेलं, ६ सेंमी खोल, पण आता सगळी माती भरड. उरलेला चिकणमातीचा गोळा या वेळी पूर्ण निघाला. मुळांचा तिसरा हिस्सा कापला: सरळ खाली जाणारी जाड मुळं काढली, चहूकडे पसरणारी ठेवली, म्हणजे बुंधा जमिनीला घट्ट धरून बसल्यासारखा दिसतो. पहिल्या कुंडीबदलाच्या वेळी हेच काम केलं असतं तर झाड गेलं असतं. या वेळी पंधरा दिवसांत नवे कोंब आले.

एक फांदी मात्र आम्ही सुरुवातीपासून कापलेली नाही. बुंध्याच्या मागे, अगदी खाली, ७० सेंमी लांब, झाडापेक्षा दुप्पट. समोरून पाहताना विचित्र दिसते, आणि येणारा-जाणारा विचारतोच. ती बुंधा जाड करण्यासाठी मोकळी सोडलेली आहे: तिच्या पानांनी केलेलं अन्न खाली उतरताना बुंध्याला पोसतं. ३ सेंमीचा बुंधा ३.८ सेंमी झाला आहे, पानं मोजायच्या त्याच वहीत दर महिन्याला नोंद आहे. ४.५ झाला की ती निघेल, पण एकदम नाही. आधी निम्मी, मग वरच्या फांद्या तेवढ्या जोमाने वाढल्यावर बुडाशी, किंचित खोलगट कापाने, म्हणजे जखम भरताना फुगवटा येणार नाही.

मागच्या आठवड्यात काकांनी तिच्यावर खडूने दोन खुणा करून ठेवल्या, पहिला काप कुठे आणि दुसरा कुठे. मग मला म्हणाले, "हिचं कलम लावता येईल ना गं? टाकून द्यायची नाही मला." येईल. नांदरुकाची जाड फांदीसुद्धा उबदार दिवसांत भरड, ओल्या मिश्रणात मुळं धरते. त्यांनी कुंडी धुऊन तयार ठेवली आहे, १५ सेंमी खोल, मोठ्या भोकांची.